जुन्या बुलेटला सरळ रेषेत पळवण्यापूर्वी

सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीसाठी जुनी गाडी तयार करायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी जावा. हवेचा अडसर तोडण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ११० किलोमीटरवरून १३० वर जाण्यासाठी नुसत्या हवेपोटी सुमारे ६५ टक्के जादा ताकद मोजावी लागते. कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटमधून एवढी ताकद काढणे खर्चाचे आणि जोखमीचे आहे. पण आहे ती ताकद जिथे जिथे गळते त्या वाटा बुजवणे इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या छोट्याशा अंगणातही जमले.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे, आधी चेन उतरवून आणि मग चढवून. ब्रेकचा लायनर किंचितही घासत असला तर बारीक सरसर ऐकू येते, आणि चेन जास्त ताणलेली असली तर चाक दोन-तीन फेऱ्यांतच थांबते. दोन्ही चाकांची रेष दोरी ताणून तपासावी. टायर बदलतानाच त्याच्या कडेवरचे अक्षर पाहावे: पी म्हणजे ताशी १५० पर्यंत, एस म्हणजे १८० पर्यंत. हवेला सर्वांत जास्त अडवतो तो मात्र स्वार. हँडल खाली आणि पायदाने मागे घेऊन छाती टाकीवर टेकवता आली, कोपरे गुडघ्यांच्या आत राहिली, तर एक पैचाही सुटा भाग न बदलता वेग वाढतो. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो यांनी १९२० च्या इंडियन स्काउट मोटारसायकलवर १९६७ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. पिस्टन स्वतः ओतणारा हा माणूसही गाडीला निमुळते कवच चढवूनच तिथे उतरला होता.

त्यानंतर स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या, दातांचा हिशोब. तुमच्या गाडीचे दात स्वतः मोजा, कारण इतक्या वर्षांत कुणी काय बसवले असेल याचा भरवसा नसतो. माझ्या गाडीत इंजिनाला २५, क्लचला ५६, गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला १७ आणि मागे ३८ दात आहेत. टॉप गिअर एकास एक असल्याने एकूण गुणोत्तर सुमारे ५ येते. मागचे चाक एका फेरीत २.०८ मीटर जाते, म्हणजे ५००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला ५००० फेऱ्यांना) ताशी १२५ किलोमीटर. १७ ऐवजी १८ दात बसवले तर कागदावर १३२ मिळतात, पण इंजिन टॉपमध्ये ५००० गाठू शकले तरच. नाहीतर मोठ्या स्प्रॉकेटने गाडी उलट हळू होते.

आता इंजिन. पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो तिथे मूळ फ्लोटिंग बुश (बेअरिंगऐवजी फिरती धातूची नळी) असेल, तर ५००० च्या फार वर जाऊ नये. ९० मिलिमीटर स्ट्रोकमुळे, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेमुळे, तिथेच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट दाबतो ते, अंदाजाने ठरवू नये, मोजावे. पिस्टनच्या कडेला ग्रीस लावून तो कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वरच्या टोकाला, आणावा, प्लगचे भोक सर्वांत वर येईल इतकी गाडी कलती करावी आणि सिरिंजने पातळ तेल आट्यांच्या बुडापर्यंत भरावे. ५८ सीसी मावले, तर ३४६ आणि ५८ यांच्या बेरजेला ५८ ने भागून गुणोत्तर ७ येते. साडेसातसाठी ५३ सीसी हवेत. ७० मिलिमीटर बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) एक मिलिमीटर उंची म्हणजे साधारण ३.८ सीसी, म्हणून उंची कमी करायला लेथवाल्याकडे सिलिंडर नेण्याआधी पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, हेड कसून, क्रँक हाताने दोनदा फिरवून, दबलेल्या मातीवरून व्हॉल्व्ह किती जवळ येतात ते बघावे. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि ॲडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी आणणारी यंत्रणा) पूर्ण मिटलेला असताना टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिलिमीटर आधी असताना, हा मूळ हिशोब पहिल्या फेरीसाठी तसाच ठेवावा.

कार्बोरेटरमध्ये पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलवर मेन जेटचीच, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य छिद्राची, सत्ता चालते. मोठ्या जेटपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली यावे. प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर धावून क्लच दाबत त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढावा. टोकाचा रंग फसवा असतो. बॅटरीच्या उजेडात चिनी मातीच्या बुडाशी बघावे. तिथे फिकट तपकिरी कडे हवे. पांढरेफटक बूड आणि त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर गाडी तिथेच थांबवावी. गेल्या मार्गशीर्षात मी घाईने जेट लहान केला आणि त्याच दिवशी टायमिंगही पुढे घेतले. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासून अडकला, आणि चूक दोहोंपैकी कशाची हे आजतागायत कळलेले नाही. म्हणून एका फेरीला एकच बदल, आणि तो वहीत तापमानासकट लिहिलेला.

तापमान अशासाठी, की १० अंशांच्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षा ४२ अंशांच्या मे महिन्यातल्या दुपारी हवा सुमारे दहा टक्के विरळ असते आणि पहाटे बरोबर बसलेला जेट दुपारी जाड पडतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. ही चाचणी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या वाहत्या रस्त्यावर किंवा आग्रा-मुंबई रस्त्यावर करू नये. इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ पासून आहे. तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या बंद धावपट्टीवर आधी रीतसर परवानगी घ्यावी. फेरीआधी प्रत्येक नट पान्याने तपासून त्यावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे सिंगल सिलिंडरच्या थरथरीने कोणता सुटला ते परतल्यावर लगेच दिसते, आणि इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी मनगटाला बांधल्याशिवाय किक मारू नये.