टोरांटोचा इतिहास बघायचा, तर एक माणूस धरा

पाहुणे आले की त्यांना सीएन टॉवरवर न्यायला माझी ना नाही. पण खाली उतरल्यावर शहर कळलं, असं काही होत नाही. म्हणून मी त्यांना वेगळ्या रीतीने फिरवते. इथला एक माणूस धरायचा आणि त्याचं घर, त्याची कचेरी, त्याची भांडणं, शेवटी त्याचं थडगं, असं त्याच्या मागोमाग चालायचं. सनावळ्या आपोआप लक्षात राहतात.

पहिल्या खेपेला विल्यम लायन मॅकेन्झीच घ्या. १८३४मध्ये यॉर्क गावाचं टोरांटो शहर झालं, तेव्हा वस्ती जेमतेम नऊ हजार आणि हे गृहस्थ पहिले महापौर. धंदा वर्तमानपत्राचा, स्वभाव पक्का भांडकुदळ. सत्ताधारी घराण्यांवर इतकं झोडून लिहायचे, की १८२६मध्ये त्या घरच्या पोरांनी छापखान्यात घुसून खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, सरोवरात फेकले. कोर्टाने ६२५ पौंड भरपाई दिली आणि बुडायला आलेलं वर्तमानपत्र त्याच पैशांवर तगलं! पुढे १८३७मध्ये त्यांनी बंड केलं, ते फसलं. स्वतः अमेरिकेत निसटले. सॅम्युअल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज हे साथीदार मात्र फासावर गेले. हा भाग पाहुण्यांना जरूर सांगा, नाहीतर मॅकेन्झी नुसतेच हीरो वाटतात.

८२ बाँड स्ट्रीटवरचं त्यांचं शेवटचं घर ईटन सेंटर मॉलपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. अमेरिकेतून परतल्यावर म्हातारपणी हातात पैसा नव्हता, मित्रांनी वर्गणी काढून घेऊन दिलं. आता तिथे संग्रहालय आहे. वेळ आधी बघून जा. दिवाणखान्यात रेंगाळू नका, मागच्या छापखान्यात जा आणि हातयंत्र चालवून दाखवायला सांगा. उलटी अक्षरं एकेक करून जुळवायला किती वेळ लागतो ते पाहिलं, की खिळे फेकून देण्यातला दुष्टपणा कळतो.

तिथून सेंट लॉरेन्स मार्केट. सोमवारी बंद असतं, तेवढा दिवस टाळा. लोक चीज आणि मासे बघत आत शिरतात आणि आपण १८४५च्या नगरपालिकेतून चाललोय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. जुनी इमारत न पाडता बाजाराच्या पोटात घेतली आहे. वर नगरसेवकांचं सभागृह होतं, तळघरात कोठड्या. पलीकडे किंग स्ट्रीटवरचा सेंट लॉरेन्स हॉल १८५०चा. पुढच्याच वर्षी तिथे कृष्णवर्णीय स्वतंत्र नागरिकांची मोठी परिषद भरली होती.

आता कार्लटनची ५०६ ट्राम पकडून पार्लमेंट स्ट्रीटला उतरा, उत्तरेला विंचेस्टर स्ट्रीटपर्यंत जा आणि उजवीकडे वळून रस्ता संपेपर्यंत चाला. नेक्रोपोलिस. स्मशानात कसलं फिरायचं, असं आमच्या मावशी म्हणाल्या होत्या. नंतर सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच काढला. मॅकेन्झी इथेच आहेत. ‘ग्लोब’ वर्तमानपत्र काढणारे जॉर्ज ब्राउनही इथेच. त्यांना १८८०मध्ये नोकरीवरून काढलेल्या माणसाने गोळी घातली. थॉर्नटन आणि ल्युसी ब्लॅकबर्न हे केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटून आलेलं जोडपं. त्यांनी १८३७च्या सुमारास शहरातली पहिली घोड्याची टॅक्सी सुरू केली, लाल-पिवळी. आणि विल्यम पेटन हबर्ड: बेकरीवाले, भट्टीचे संशोधक, १८९४मध्ये निवडून आलेले शहरातले पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक. तरुणपणी त्यांनी जॉर्ज ब्राउनना डॉन नदीत बुडताना वाचवलं, असं सांगतात. थडगी शोधत भटकू नका, दाराशी कार्यालय आहे, तिथे विचारा.

पाय शाबूत असतील तर पादचारी पुलावरून डॉन नदीची दरी ओलांडून ब्रॉडव्ह्यू रस्त्याला जा. ६६० नंबरचं घर हबर्ड यांचं, बाहेरूनच बघा.

घरी आल्यावर खरी मजा. टोरांटो पब्लिक लायब्ररीच्या साइटवर जुन्या सिटी डिरेक्टऱ्या फुकट आहेत. नाव, धंदा, पत्ता, वर्षागणिक. नावावरून पत्ता काढा, मग रस्त्यांच्या यादीत तोच पत्ता बघा. शेजारी न्हावी होता की वकील ते समजतं. तो पत्ता चार्ल्स गोड (Goad) यांनी आगविम्यासाठी काढलेल्या नकाशात शोधा. तिथे गुलाबी रंग म्हणजे विटांचं घर, पिवळा म्हणजे लाकडी. १९०४च्या आगीआधीच्या नकाशात शहराच्या मध्यवस्तीतला जळून गेलेला भाग अजून जागेवर दिसतो.

एवढ्यावर भागलं नाही, तर २५५ स्पडायना रोडवरच्या महापालिकेच्या अभिलेखागारात कर-आकारणीच्या वह्या मागा. शाईचं पेन घरी ठेवा, पेन्सिल न्या.