ई-सायकल करकरते? आवाज शोधताना या चुका टाळा

मागच्या एप्रिलात माझी ई-सायकल चांदणी चौकाच्या चढावर करकरायला लागली. उजवा पाय खाली गेला की ‘कर्र’. डाव्याला काही नाही, सपाट रस्त्यावरही काही नाही. आवाज अगदी पायाखालून यायचा, म्हणून दुकानात सांगितलं की बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पेडलच्या मधोमध फ्रेममध्ये बसणारं बेअरिंग) गेली असणार. त्यांनी ती बदलली, मी पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावर तोच आवाज पुन्हा आला. दोन आठवड्यांनी सीटचा दांडा सहज बाहेर ओढला. दांड्याला राखेसारखी करडी पूड चिकटली होती आणि फ्रेमच्या नळीचं तोंड आतून ठणठणीत कोरडं होतं. जुन्या फडक्याने दोन्ही पुसलं, बोटभर ग्रीस लावलं, दांडा परत बसवला. करकर थांबली ती आजतागायत.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसले आहे: आवाज जिथे ऐकू येतो, तिथे तो असेलच असं नाही. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्यांचा सांगाडा. सीटपाशी झालेला आवाज नळीतून खाली उतरतो आणि पेडलपाशी झाल्यासारखा वाटतो. त्यात ई-सायकल साध्या सायकलीपेक्षा जड, बहुतेक वीस किलोच्या पुढची. मोटर ढकलत असल्यामुळे आपण चढावरही बसूनच राहतो. प्रत्येक पेडलला सगळं वजन सीटवर डावी-उजवीकडे झुलतं आणि कोरडा जोड लगेच बोलायला लागतो.

दिसेल तो नट आवळणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. करकर बहुतेक वेळा ढिलेपणाची नसते, कोरडेपणाची असते. दोन धातू एकमेकांवर किंचित सरकतात, मधे ग्रीस नसतं, धूळ असते. असा जोड कितीही आवळा, चार दिवसांनी पुन्हा बोलतो. उलट ॲल्युमिनियमचे आटे जातात ते कायमचे. हँडलच्या स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर एवढ्याच जोराने आवळायचे असतात आणि आकडा बऱ्याचदा बोल्टशेजारीच छापलेला असतो. लांब पान्याने मनगटाचा जोर लावला की तो कधी ओलांडला ते कळतही नाही.

आधी कान लावा. आपल्या भाषेत आवाजांना इतके नेमके शब्द आहेत की त्यांनीच अर्धा शोध होतो. करकर म्हणजे कोरडा जोड. खडखड म्हणजे काहीतरी ढिलं आहे: मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, बॅटरी. कुईकुई म्हणजे सुकलेली चेन, नाहीतर ब्रेक. घरघर म्हणजे बेअरिंग किंवा मोटरच्या आतले दात. आणि सायकल सुटताना एकदाच येणारा ‘टक्’, त्याबद्दल पुढे सांगते, कारण तो सोडून द्यायचा आवाज नाही.

मग रिकाम्या रस्त्यावर चार प्रयोग करा. पेडल मारायचं थांबवा आणि सायकल तशीच जाऊ द्या. आवाज थांबला तर चाकांचा संशय मागे घ्या. पुन्हा पेडल मारा, पण सीटवरून उठून. आता थांबला तर सीट किंवा तिचा दांडा. मोटर बंद करून तोच चढ चढा. तरी आवाज येत असेल तर मोटरला दोष देऊ नका. शेवटी मोजा. पायाच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर पेडल, क्रँक (पेडल बसतं तो दांडा), बीबी किंवा सीट. साधारण अडीच फेऱ्यांनी येत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे, कारण ११० कड्यांच्या चेनला ४४ दातांच्या चक्रावरून पूर्ण फिरायला तेवढ्याच फेऱ्या लागतात.

एका वेळी एकच गोष्ट करा आणि चालवून बघा. सीट, पेडल आणि स्टेम एकाच रविवारी उघडून आवाज गेला, तरी तो कशाने गेला हे कळत नाही. सहा महिन्यांनी परत आला की पुन्हा श्रीगणेशा.

स्प्रे मारून मोकळं होणं

घरात बिजागरीसाठी आणलेला स्प्रे असतोच, हात आपोआप तिकडे जातो. तो गंज सोडवायला चांगला, पण ग्रीसच्या जागी टिकत नाही. बेअरिंगमधलं असलेलं ग्रीसही धुऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे तो डिस्क ब्रेकवर उडतो. तेल प्यायलेले ब्रेक पॅड बहुधा बदलावेच लागतात आणि ते प्यायलेत हे उतारावर समजतं. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळणारं साधं मल्टिपर्पज ग्रीस घ्या. आधी जुनं पुसा, मग पातळ थर द्या. कार्बनचा दांडा असेल तर मात्र ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

सीटपासूनच सुरुवात करा, कारण सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वेळा तीच दोषी असते. दांडा काढण्याआधी उंचीवर चिकटपट्टी लावून खूण करा. सीटखालच्या दोन सळ्या क्लॅम्पमध्ये जिथे धरल्या आहेत, तिथेही पुसून पुसटसं ग्रीस द्या.

नंतर पेडल. इथे डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून लोक ते सोडवायच्या नादात आणखी आवळतात. लक्षात ठेवायची खूण: पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडल सुटतात. बहुतेकांना १५ चा पाना लागतो. आटे पुसून, ग्रीस लावून परत बसवताना आधी हाताने फिरवा, पाना शेवटी. तिरके बसले की क्रँक फुकट.

दोन्ही क्रँक धरून आडवे हलवून बघा. एखादा हलत असेल तर तसं चालवूच नका, त्याचं चौकोनी भोक झिजून मोठं होतं आणि मग तो कधीच घट्ट बसत नाही. बीबीपर्यंत जायची वेळ आली तर मी स्वतः थांबते. बऱ्याच ई-सायकलींना तिथेच पेडल सेन्सर असतो आणि त्याची बारीक तार ओढली गेली की करकर जाते, मोटरही जाते.

बॅटरीला विसरणं

साध्या सायकलीच्या मिस्त्रीचं लक्ष इथे जात नाही, कारण त्याच्या सवयीत ती नाही. बॅटरी काढून घरी ठेवा आणि त्याच खड्ड्यांवरून पायाने चालवून या. शांत झाली? मग बॅटरी किंवा ती फ्रेमवर ज्या पट्टीत बसते ती पट्टी. बॅटरीखाली पट्टीचे बोल्ट असतात, ते हलक्या हाताने बघा. त्यांचे आटे अनेकदा फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या नटात असतात, आणि जास्त आवळलं की अख्खा नटच गोल फिरायला लागतो. मी जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून बॅटरी जिथे टेकते तिथे चिकटवली आहे. कनेक्टरच्या पिनांपासून मात्र लांब. पिना काळ्या पडलेल्या दिसल्या तर ठिणग्या उडत आहेत असं समजा आणि दुकान गाठा.

मागच्या चाकातला ‘टक्’

मोटर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध, असेल तर ती चाक पुढे फिरवते आणि त्याच जोराने स्वतःचा एक्सल मागे फिरवू बघते. त्याला धरून ठेवतात ते एक्सलच्या चपट्या बाजू, दातेरी वॉशर आणि दोन नट. नट ढिला झाला की सुटताना ‘टक्’, थांबून पुन्हा सुटताना ‘टक्’. दुर्लक्ष केलं तर फ्रेमची खाच झिजते, एके दिवशी एक्सल गरकन फिरतो आणि त्याच्या पोटातून आलेल्या तारा पिळून तुटतात. हा आवाज ऐकलात तर त्याच दिवशी नट तपासा, वॉशरचा दात खाचेत बसलाय ना ते बघा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आवळून घ्या. मोटरची तार एक्सलपासून आधी खाली झुकून मग वर गेली पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळून आत शिरत नाही.

याच चाकाचे आरे जोडीने चिमटीत दाबून बघा. एखादा लेचापेचा लागला तर चाक सरळ करून घ्या. आरे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे टूथपिकने तेलाचा एकेक थेंब द्या, डिस्कवर फडकं टाकून.

मोटर चालू असतानाच घरघर येत असेल तर आतले नायलॉनचे दात झिजले असू शकतात. ते काम दुकानाचं.

आणि हे सगळं करूनही करकर राहिलीच तर सायकल उन्हात उभी करा, धुऊन कोरडी करा आणि वेल्डिंगचे सगळे जोड जवळून बघा, विशेषतः सीटखालचा, स्टेमखालचा आणि मागच्या एक्सलजवळचा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर त्या सायकलवर बसू नका, ढकलत दुकानात न्या.