बोअरच्या पाण्यावरून भूकंपाच्या खुणा कशा टिपाव्यात

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत झालेला भूकंप आमच्या भागात अजून घरोघरी सांगितला जातो. तिथली जमीन अजूनही शांत नाही. म्हणूनच १९९० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना-वारणा परिसरात निव्वळ पाण्याची पातळी पाहण्यासाठी २१ बोअर घेतली. जमिनीखालचा खडक दाबला गेला की त्याच्या भेगा आवळतात आणि बोअरमधलं पाणी वर चढतं. खडक ताणला गेला की पाणी उतरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. यावरून भूकंपाचं भाकीत करता येत नाही. १९७५ साली चीनमधल्या हायचंगला छोट्या धक्क्यांची मालिका आणि विहिरींतले बदल पाहून लोकांना वेळेत घराबाहेर काढलं होतं. पुढच्याच वर्षी तांगशानला असा इशारा मिळाला नाही आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. तरीही नोंदी ठेवायलाच हव्यात, कारण हादरा बसून गेल्यावर मागचं पाणी कुणालाच मोजता येत नाही.

पहिलं काम बोअर निवडण्याचं. खोल, केसिंग केलेलं (म्हणजे आत पाइप बसवलेलं) आणि मोटर नसलेलं बोअर शोधा. उघडी विहीर या कामाला कच्ची पडते. पाऊस, कालवा, शेजारच्याचा पंप, सगळं तिच्यात उमटतं. केसिंगच्या काठावर ऑइलपेंटने एक खूण करा. प्रत्येक माप त्याच खुणेपासून घ्यायचं.

मोजायला स्टीलची टेप, टोकाला छोटं वजन आणि शाळेतला खडू एवढं पुरतं. टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू घासा. टेप हळूहळू सोडा आणि पूर्ण मीटरचा आकडा खुणेशी जुळवून धरा. समजा, खुणेशी १५ मीटर आलं. टेप वर ओढली की जिथवर पाणी लागलं तिथवर खडू काळपट दिसतो आणि वर कोरडा, पांढरा राहतो. ती रेघ ६२ सेंटिमीटरवर असेल, तर पाणी १४.३८ मीटर खोल आहे. लगेच दुसऱ्यांदा मोजा. दोन मापांत सेंटिमीटरभराहून जास्त फरक आला तर तिसरं माप घ्या. उन्हात रेघ पटकन वाळते, म्हणून सकाळी लवकर मोजलेलं बरं.

वहीत तारीख, वेळ आणि खोली लिहाच. शिवाय काल पाऊस झाला का, आसपास कुणाचा पंप चालू होता का आणि त्या दिवशी हवेचा दाब किती होता, हेही लिहा. दाबाचा रकाना गाळू नका. हवेचा दाब घटला की खोल बोअरमधलं पाणी आपोआप वर येतं, त्यामुळे वादळाच्या दिवसांत फसगत होते. चंद्र-सूर्याच्या ओढीनेही असं पाणी दिवसातून दोनदा किंचित वर-खाली होतं. म्हणून मोजायची वेळ ठरवून घ्या. चंद्राची वेळ रोज पुढे सरकते, तेवढा थोडा चढउतार तरीही राहणारच.

असं निदान एक वर्ष मोजा आणि आलेखाच्या कागदावर ठिपके जोडत जा. पावसाळ्यातला चढ आणि उन्हाळ्यातली उतरण डोळ्यांत बसल्याशिवाय वेगळं काही ओळखू येत नाही.

पाऊस नाही, पंप नाही, दाबही स्थिर, तरी पातळी एकदम हलली तर पुन्हा मोजा, शेजारच्या दोन बोअरमध्ये पाहा आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाला वहीच्या पानाचा फोटो द्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. अफवेने घाबरून लोक थंडीत रात्रभर बाहेर बसतात, त्यात म्हातारी माणसं आणि लेकरं हाल सोसतात.

हादरा बसलाच तर आधी घरच्यांना मोकळ्या जागेत न्या. ते झाल्यावर पहिला तास दर पंधरा मिनिटांनी मोजा, मग दिवसभर तासातासाने. पाणी गढूळ आलं, बुडबुडे दिसले, वास बदलला, तर वेळेसकट लिहा. धक्क्याची वेळ राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीतून घ्या, कुणाच्या आठवणीवरून नको.