कार्यालयातील बैठक नेमकी आणि फलदायी कशी करावी
सहकारी संस्थांमुळे सांगलीकरांना विषयपत्रिका आणि इतिवृत्त हे शब्द नवे नाहीत. तीच शिस्त कार्यालयातील साप्ताहिक बैठकीलाही लावावी. आदल्या दिवशी विषयपत्रिका पाठवताना प्रत्येक विषयापुढे निर्णय हवा आहे, चर्चा हवी आहे की केवळ माहिती द्यायची आहे, हे लिहावे. केवळ माहितीचा विषय बैठकीत आणूच नये, कारण हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातील माणसांना विनाकारण बसवून ठेवणे हा त्यांच्या कामाचा अनादर आहे, असे मला मनापासून वाटते. निर्णयाचे विषय आरंभीच घ्यावेत. कनिष्ठ सहकाऱ्याला आधी बोलू द्यावे. वरिष्ठांचे मत कळल्यावर तो सहसा गप्प बसतो. ठरलेले काम, ते करणारी व्यक्ती आणि मुदतीची तारीख ही नोंद उठण्यापूर्वीच सर्वांना वाचून दाखवावी.