गावचा पेपर बंद झालाय, मग प्रायमरीचा निकाल नीट बघायचा कसा

जर्सी सिटीतला जर्नल स्क्वेअर माहीत असेलच, पाथ ट्रेनचं स्टेशन आहे तिथं, इंडिया स्क्वेअरला भाजी-मसाले आणायला जाणारे आपले लोक तिथंच उतरतात. त्या चौकाला नाव पडलं जर्सी जर्नल या पेपरवरून. १८६७ सालचा पेपर, १ फेब्रुवारी २०२५ ला शेवटचा अंक काढून कायमचा बंद झाला. दुसऱ्याच दिवशी स्टार-लेजरचा, म्हणजे न्यू जर्सी राज्यातल्या सगळ्यात मोठ्या पेपरचा, शेवटचा छापील अंक आला आणि तो फक्त ऑनलाइन उरला. त्यानंतर चार महिन्यांनी, १० जूनला, गव्हर्नरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली आणि डेमोक्रॅट उमेदवारांत स्वतः जर्सी सिटीचे मेयर स्टीव्ह फुलॉप होते. शहराचा मेयर राज्याच्या गादीसाठी लढतोय आणि शहराचा पेपरच नाही, हे मला अजूनही पचत नाही.

तर निकाल कसा बघायचा ते सांगतो. मी न्यू जर्सीचं सांगतोय, बाकी राज्यांत नियम वेगळे असतात, पण पद्धत साधारण हीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, इथे प्रायमरीत मतदार देतात. आणि ज्या गावात एकाच पक्षाचं वजन आहे तिथं जूनमध्ये तिकीट मिळालं की नोव्हेंबरची निवडणूक जवळजवळ औपचारिकता असते. म्हणजे अशा गावात तुमचा कौन्सिल मेंबर (नगरसेवक) खरं तर जूनमध्येच ठरतो, आणि नेमकी तीच बातमी आता फारशी कोणी देत नाही. (मत द्यायचं असेल तर, कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला त्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो, पण एका पक्षात नोंद असेल आणि दुसरीकडे जायचं असेल तर ५५ दिवस आधी फॉर्म भरावा लागतो.)

निवडणुकीआधी टपालाने सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, येतं, ते कचऱ्यात टाकू नका. त्यावर तुमचा वॉर्ड आणि डिस्ट्रिक्ट (जिल्हा नव्हे, मतदानाचा छोटा विभाग) नंबर असतो, तो फोनमध्ये लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मग वरपासून खालपर्यंत सगळ्या जागा वाचा. गव्हर्नर, असेंब्ली (राज्याची विधानसभा), काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कमिशनर, गावचं कौन्सिल, आणि काही ठिकाणी अगदी खाली काउंटी कमिटी. ही काउंटी कमिटी म्हणजे पक्षाचे बूथवरचे प्रतिनिधी, पुढे पक्ष कोणाच्या पाठीशी उभा राहणार यात यांचा हात असतो. बऱ्याच ठिकाणी एकच नाव असतं किंवा जागा रिकामी असते, कारण लोकांना माहीतच नसतं.

रात्री ८ ला मतदान संपतं. गव्हर्नरसाठी असोसिएटेड प्रेसचे आकडे बघा, ही एजन्सी १८४८ पासून अमेरिकेतली मतं मोजून सांगते आणि टीव्हीवर दिसणारे बरेच आकडे तिचेच असतात. पण गावच्या कौन्सिलसाठी तिथं काही मिळणार नाही. त्यासाठी तुमच्या काउंटी क्लर्कची, म्हणजे निकाल जाहीर करणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याची, साइट उघडायची. २१ काउंट्या, प्रत्येकाची साइट वेगळी, कुठे सुंदर नकाशा तर कुठे नुसती पीडीएफ, तयारी ठेवा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो टक्केवारीत. असेंब्लीला एका मतदारसंघातून दोन जण निवडायचे असतात, म्हणजे मतदाराला दोन मतं. मग समोर कोणाला २८ टक्के दिसले तर तो हरला असं समजू नका, ते टक्के एकूण पडलेल्या मतांचे आहेत, माणसांचे नाहीत. चार-पाच उमेदवार असले की २८ वरही निवडून येऊ शकतो. म्हणून टक्के सोडा, मतं बघा आणि वरचे दोन कोण ते बघा. गव्हर्नरला तर एकच मत, पण तिथंही निम्मी मतं लागत नाहीत, त्या प्रायमरीला दुसरी फेरी नसते. २०२५ मध्ये सहा डेमोक्रॅट होते आणि मिकी शेरिल साधारण एक तृतीयांश मतांवर जिंकल्या, रिपब्लिकनांत जॅक चित्तरेली मात्र मोठ्या बहुमताने आले. नोव्हेंबरमध्ये शेरिल गव्हर्नर झाल्या.

रात्रीचा आकडा अंतिम नाही, हे कृपया ग्रुपवर सगळ्यांना सांगा. निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं पुढचे सहा दिवस आली तरी मोजतात, आणि ज्यांच्या नोंदीत काही अडचण असते त्यांची प्रोव्हिजनल (तात्पुरती घेतलेली) मतं तपासून मग मोजतात. कौन्सिलच्या लढतीत फरक थोडक्या मतांचा असला तर क्रम बदलू शकतो. मी रात्री एक, दुसऱ्या दिवशी एक आणि आठवड्याने एक असे तीन स्क्रीनशॉट ठेवतो, तारीख-वेळेसकट.

मग खरं काम, डिस्ट्रिक्टनिहाय आकडे. लहानपणी निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावाकडच्या पेपरात प्रभागनिहाय कोष्टक यायचं, बाबा पेन्सिलीने त्यावर खुणा करायचे आणि कोणत्या गल्लीने कोणाला हात दिला ते चहा पिता पिता सांगायचे. तेच करायचं. क्लर्कच्या साइटवर अंतिम निकालासोबत ही फाइल शोधा, नाही सापडली तर ऑफिसला ईमेल करून मागा, सार्वजनिक माहिती आहे, संकोच करू नका. मी ती प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर पसरतो, अक्षर इतकं बारीक की फूटपट्टी ठेवून ओळ धरावी लागते, आणि आपला डिस्ट्रिक्ट सापडला की तीन गोष्टी लिहितो: एकूण किती जण आले, गव्हर्नरला किती मतं पडली आणि कौन्सिलला किती. दर वेळी खाली येता येता मतं गळतात, लोक वरचं भरतात आणि खालचं कोरं सोडतात.

उमेदवारांना पैसा कोणी दिला तेही बघता येतं, राज्याच्या इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशनच्या (निवडणुकीच्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाच्या) साइटवर नाव टाकून. पूर्वी हे सगळं जोडून सांगायला एक वार्ताहर असायचा, जो कौन्सिलच्या प्रत्येक मीटिंगला मागच्या बाकावर बसलेला असायचा आणि हा कंत्राटदार कोणाचा हे त्याला तोंडपाठ असायचं. २००५ पासून अमेरिकेतले एक तृतीयांशाहून जास्त पेपर बंद झाले, छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि त्या पैशावर चालणारी ही माणसं घरी बसली. ती जागा साइट बघून भरत नाही, म्हणून तुमच्या भागात एखादी छोटी बातम्यांची साइट किंवा साप्ताहिक अजून तग धरून असेल तर वर्गणी भरा, आणि निकालाचं तुमचं कोष्टक त्यांनाही पाठवा. खाली मूळ फाइल कुठून घेतली आणि कोणत्या तारखेची आहे ते मात्र नक्की लिहा, म्हणजे त्यांना पडताळून छापता येईल.