लांब डबा, अरुंद वळण: मॉडेल रेल्वेचा प्लॅस्टिकचा डबा कापून आखूड कसा करावा

एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात अमेरिकेतला ८५ फुटी प्रवासी डबा सुमारे २९७ मिमी भरतो. घरच्या टेबलावर १८ इंच त्रिज्येचं वळण असेल, तर त्यावर या डब्याचं पोट रुळाच्या मध्यरेषेपासून जवळजवळ १२ मिमी आत येतं आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतं. मधला ४५ मिमीचा तुकडा काढून डबा ७२ फुटी केला, तर हे अंतर साडेसात मिमीच्या आत येतं.

सुरुवात बैठकीच्या साध्या डब्यापासून करा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सारख्या आणि समोरासमोर असतात. शयनयानात एका बाजूला खोल्या आणि दुसऱ्या बाजूला बोळ असतो, त्यामुळे खिडक्या जुळत नाहीत.

सगळं कौशल्य काप कुठे घ्यायचा हे ठरवण्यात आहे. बरोबर ४५ मिमीच काढायचे, हा हट्ट सोडा. एका खिडकीच्या कडेपासून पुढच्या खिडकीच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच्या पूर्ण पटीतच तुकडा काढा. हे अंतर २० मिमी असेल तर ४० मिमी काढा. दोन्ही काप खिडक्यांमधल्या कोऱ्या पट्टीत, शक्यतो पत्र्याच्या उभ्या सांध्यावर किंवा रिव्हेटच्या ओळीलगत घ्या. तिथे मुळातच रेघ असते, त्यामुळे जोड डोळ्यांत भरत नाही.

छत, काचा, चाकं आणि खालची चौकट काढून ठेवा. कापाच्या रेषेवर गुण्या लावून मास्किंग टेप सभोवार फिरवा. टेपची दोन्ही टोकं एका रेषेत मिळाली तरच काप काटकोनात येईल. बारीक दातांची रेझर सॉ हलक्या हाताने चालवा. करवतीचं पातंही थोडं प्लॅस्टिक खातं, म्हणून रेषेच्या बाहेरून, टाकायच्या तुकड्याकडून कापा. मग सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि कड त्यावर घासत रेषेपर्यंत आणा.

काढलेला तुकडा फेकू नका. चिकटद्रव्य आणि रंग आधी त्याच्यावर तपासा. डबा पॉलिस्टायरिनचा असेल तर पातळ सॉल्व्हंट सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं. एबीएस या दुसऱ्या प्रकारच्या प्लॅस्टिकवर तेच सिमेंट कमी धरतं.

आता दोन्ही अर्धे भाग ॲल्युमिनियमच्या अँगलला टेकवा आणि उजेडाकडे धरून फट पाहा. उजेड दिसला तर पुन्हा घासा. फट लांबीने (पुट्टीने) भरू म्हणून पुढे गेलात, तर डबा पुढे तिथेच वाकतो. जोड नीट बसला की बारीक ब्रशने आतून सिमेंट टेकवा, ते फटीत आपोआप ओढलं जातं. काम करताना खोलीच्या खिडक्या खुल्या ठेवा, सिमेंटची वाफ चांगली नाही. नंतर आतल्या बाजूने, खिडक्यांच्या खाली, १ मिमी जाड स्टायरिनची पट्टी जोडाच्या दोन्हीकडे सेंटिमीटरभर पोचेल अशी चिकटवा आणि एक दिवस हात लावू नका.

छत आणि चौकटही तेवढीच आखूड करायची आहेत, पण वेगळ्या जागी कापून. छताचा जोड एका टोकाकडे, चौकटीचा दुसऱ्या टोकाकडे घ्या. तिन्ही जोड एका रेषेत आले तर तिथे डबा कच्चा राहतो.

रंगाआधी डबा वळणावर ढकलून पाहा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे छंदिष्टांच्या संघटनेची शिफारस एचओ डब्याला १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस वजनाची आहे. ७२ फुटी डबा सुमारे १० इंच, म्हणजे ६ औंस, साधारण १७० ग्रॅम. वजन कमी भरलं तर चौकटीवर, बोगींच्या (चाकांच्या जोडगाड्यांच्या) जवळ शिसं चिकटवा.

शेवटी राखाडी प्रायमरचा पातळ हात द्या. राहिलेले ओरखडे त्यातच दिसतात. तेवढेच ६०० नंबरच्या पेपरने घासा. रेल्वे कंपनीचं नाव खिडक्यांच्या वर, डब्याच्या मध्यावर असतं. ते कापात तुटलेलं असणार, म्हणून दोन्ही बाजू पूर्ण रंगवून नवं डेकल (चिकटवायचं छापील नाव) लावा.