कर्मसिद्धांत कसा समजून घ्यावा आणि व्यवहारात कसा लावावा

मराठी बोलण्यात ‘कर्म’ बहुधा कपाळावर हात मारतानाच आठवते. ‘कर्म माझं’, ‘ज्याचे भोग त्याला’, ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ ही वाक्ये लहानपणापासून कानांवर पडत गेल्यामुळे कर्म आणि नशीब ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असा समज घट्ट होतो. ग्रंथांतील विवेचन मात्र वेगळ्या दिशेने जाते. कर्मसिद्धांत मुख्यतः करणाऱ्याला उद्देशून सांगितलेला आहे, बघणाऱ्याला नव्हे. तो स्वतःच्या पुढच्या कृतीला लावायचा असतो, दुसऱ्याच्या मागच्या जन्माला नव्हे. हे लक्षात ठेवून वाचन केले, तर या विषयातील बरेचसे गोंधळ आपोआप कमी होतात.

सुरुवात बृहदारण्यक उपनिषदापासून करावी. जनक राजाच्या सभेत आर्तभाग नावाचा विद्वान याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो की, मेलेल्या माणसाची वाणी अग्नीत, प्राण वायूत, शरीर पृथ्वीत विलीन झाल्यावर तो माणूस असतो कुठे? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून ‘हे चारचौघांत बोलण्याचे नाही’ असे म्हणत त्याला बाजूला नेतात आणि तेथे दोघे कर्माविषयीच बोलतात. पुढे चौथ्या अध्यायात हाच विचार नीट मांडला आहे : माणूस कामनामय आहे, जशी कामना तसा संकल्प, जसा संकल्प तसे कर्म, आणि जसे कर्म तशी प्राप्ती. म्हणून एखादी कृती तपासताना केवळ हाताने काय केले हे न पाहता, ती कोणत्या इच्छेतून निघाली येथपर्यंत मागे जावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक आणि राजस असे भेद याच कसोटीवर केले आहेत : परतफेडीची अपेक्षा नसताना, द्यायला हवे म्हणून दिलेले दान सात्त्विक, आणि उपकार फिटावेत किंवा फळ मिळावे म्हणून दिलेले राजस. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव किती मोठ्या अक्षरांत कोरावे यावरून जे वाद होतात, त्यांचे मूळही इथेच सापडते.

त्यानंतर संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन भेद समजून घ्यावेत. पूर्वी केलेल्या कर्मांचा साठा ते संचित, त्यातील ज्या भागाचे फळ भोगणे सुरू झाले आहे ते प्रारब्ध, आणि सध्या जे आपण करीत आहोत ते क्रियमाण. लोकमान्य टिळकांना हा तिसरा भेद मान्य नव्हता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी ब्रह्मसूत्रांच्या आधारे, फळ सुरू झालेले आणि फळ सुरू न झालेले असे दोनच प्रकार मानले, आणि त्याच प्रकरणात आत्मस्वातंत्र्याचाही जोरदार पुरस्कार केला. तत्त्वचर्चेत टिळकांचा मुद्दा बिनतोड असेल. पण रोजच्या व्यवहारासाठी मला तीन भेदच अधिक सोयीचे वाटतात, कारण ‘आत्ता माझ्या हातात काय आहे’ हा प्रश्न क्रियमाण या शब्दामुळे स्वतंत्रपणे समोर उभा राहतो. योगवासिष्ठात तर पूर्वीचा पुरुषार्थ आणि आताचा पुरुषार्थ यांना झुंजणाऱ्या दोन एडक्यांची उपमा दिली आहे. ज्याचे बळ कमी, तो हरतो. तेथे दैव म्हणजे आपलाच जुना प्रयत्न होय.

फळ कोण देतो, यावर दर्शनांचे, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांचे, एकमत नाही. वेदांतील कर्मकांडाचा विचार करणारे मीमांसक यज्ञकर्म आणि त्याचे फळ यांना जोडणारी ‘अपूर्व’ नावाची न दिसणारी शक्ती मानतात, न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक अदृष्ट (आत्म्यात साठणारे पुण्य-पाप) आणि फलदाता ईश्वर मानतात, तर योगसूत्रांत पतंजली क्लेशांतून साठणाऱ्या कर्माशयाविषयी, म्हणजे कर्मसंस्कारांच्या साठ्याविषयी, बोलतात. नवख्या वाचकाने या वादात फार अडकू नये. मतभेद आहेत एवढे ठाऊक असले की ‘हिंदू तत्त्वज्ञान असे म्हणते’ अशी सरसकट विधाने करण्याचा मोह आवरता येतो.

व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे तेथे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. निफाड तालुक्यातील एखाद्या द्राक्षबागाईतदाराचे वर्ष या पाच कारणांवर मांडून पाहावे. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. बागाईतदाराच्या बाबतीत त्यात जमीनही धरायला हरकत नाही. कर्ता तो स्वतः. साधने म्हणजे पाणी, मजूर, फवारणीचा पंप, औषधे, भांडवल. क्रिया म्हणजे ऑक्टोबरातील छाटणी, विरळणी, केवडा आणि भुरी या रोगांसाठी वेळेवर केलेली फवारणी. आणि काढणीला आलेल्या मालावर मार्चमध्ये गारपीट झाली, तर ते दैव. असे मांडल्यावर दोन गोष्टी स्पष्ट होतात. गारपिटीने बाग झोपली म्हणजे शेतकऱ्याच्या कष्टांत खोट होती असे ठरत नाही. आणि ढगाळ हवामानात फवारणी चुकवल्यामुळे केवडा पसरला असेल, तर त्याचे खापर दैवाच्या माथी फोडता येत नाही. पीकविमा उतरवायचा की नाही, हा निर्णयही क्रियांच्या रकान्यात येतो. दैवाचा रकाना आहे हे आधीच मान्य केलेला माणूस तो निर्णय अधिक शहाणपणाने घेतो.

कोणतेही अपयश असे कागदावर पाच रकान्यांत लिहून काढावे. यशही लिहावे, आणि खरे तर ते आधी लिहावे. याच अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात, पाच कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला दुर्मती म्हटले आहे. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाने, घर घेतलेल्या दांपत्याने आणि निवडणूक जिंकलेल्या पुढाऱ्याने हा श्लोक अवश्य वाचावा.

‘कर्मण्येवाधिकारस्ते’ हा श्लोक सर्वांना पाठ असतो, परंतु बहुतेकांचे पाठांतर अर्ध्यावर थांबते. पहिले दोन चरण कर्माचा अधिकार सांगून फळावरचा नाकारतात, तिसरा फळाचा हेतू धरून कर्म करू नकोस असे बजावतो, आणि चौथा ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ म्हणतो, म्हणजे काहीच न करण्याचीही ओढ धरू नकोस. हा चौथा चरण गाळला की निष्काम कर्माचा अर्थ ‘जमेल तेवढे करावे, फळाची चिंता करू नये’ इतका ढिला होतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने रोगी बरा होईल की नाही याची फिकीरच करू नये, असे गीतेला म्हणायचे नाही. निकालाच्या धास्तीने हात थरथरू नये आणि त्याच धास्तीने काम टाळूही नये, असा तिचा रोख आहे. संतवचनांबाबतही हीच काळजी घ्यावी. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ एवढेच तुकोबांच्या नावावर सांगणाऱ्याला, ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ हेही तुकोबाच म्हणाले आहेत, याची आठवण करून द्यावी.

आता सर्वांत नाजूक भाग. दुसऱ्याचे दुःख पाहून ‘त्याच्या कर्माची फळे’ असे म्हणणे कितपत योग्य आहे? महाभारताच्या अनुशासनपर्वात आरंभीच गौतमीची कथा येते. तिचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा व्याध त्या सापाला बांधून आणतो आणि याला कसा मारू असे विचारतो. साप मृत्यूकडे बोट दाखवतो, मृत्यू काळाकडे, आणि अखेर काळ सांगतो की मुलाचे स्वतःचे कर्मच कारण आहे. वरवर पाहता ही कथा ‘ज्याचे त्याचे भोग’ या म्हणण्याला दुजोरा देते. पण तिच्यातील कृतीकडे पाहावे. कर्माचे हे तत्त्व गौतमी आपल्या स्वतःच्या शोकाला लावते आणि त्यातून सापाचा जीव वाचतो. शेजारणीच्या दारात जाऊन ते तत्त्व ऐकवणे ही याच्या नेमकी उलट गोष्ट झाली. ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले’ ही समर्थांची ओळही ‘मना’ अशीच सुरू होते, हे विसरू नये.

ही मर्यादा न पाळल्याची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. जन्माने वाट्याला आलेली हीनता पूर्वकर्माची शिक्षा ठरवून शतकानुशतके समर्थनीय मानली गेली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कल्पनेवर नेमके बोट ठेवले : गरिबांच्या व दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज तिचा दुसरा हेतू दिसत नाही. कर्मसिद्धांत मानणाऱ्याने हा आक्षेप बाजूला सारू नये. पाच कारणांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर ज्याला साधनेच मिळू दिली गेली नाहीत त्याच्या अपयशात ती हिरावून घेणाऱ्यांचे क्रियमाण कर्मही धरावे लागते.

शेवटी आपल्याच हातून चूक झाली असेल तर काय करावे, हे पाहू. पापक्षालनासाठी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत पहिले दोन म्हणजे केलेले कबूल करणे आणि अनुताप. क्रम महत्त्वाचा आहे. भावाच्या वाटणीतील जमीन लबाडीने आपल्या नावावर करून घेतली असेल, तर त्र्यंबकेश्वरी विधी करण्याआधी भावाला ते सांगावे, सातबारा दुरुस्त करून द्यावा, आणि इतक्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा. विधी त्यानंतर करायचा असल्यास करावा.